ठिपके वर येत होते

खड्डा गुडघाभर खोल गेला तेव्हा सासूने तोंड उघडलं.

"आता पुरे," ती म्हणाली. "आणखी खाली जाऊ नका. तिला लागेल."

थोरलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कुदळ पुन्हा उचलली. माती संपून कडक मुरूम लागला होता. घाव घातला की दांडा हातात झणझणायचा आणि ती झणझण खांद्यापर्यंत चढायची. काठावर लोखंडी पेटी मांडीशी धरून बसलेल्या बाईने विचारलं, "कुणाला लागेल?"

"कुणाला नाही हो. त्यांना ऐकू कमी येतं," थोरली म्हणाली. जणू त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता.

मोठा भूकंप होऊन गेला होता आणि वस्तीतली निम्मी घरं बसली होती. पाथरवटांचं हे घर घडीव दगडाचं, म्हणून उभं राहिलं. पण मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसायचं. तेव्हापासून सगळा संसार अंगणात आला होता. ताडपत्रीखाली चूल, ताडपत्रीखाली खाट, आणि खाटेवर थोरला. त्याच्या पायावर तुळई पडली होती. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, त्यामुळे पायांच्या वाटचं सगळं त्याची जीभ चालायची.

घरातलं एक माणूस कमी होतं. थोरलीची धाकटी जाऊ. त्या दुपारी ती नवऱ्याचं जेवण घेऊन खाणीकडे गेली होती. धाकटा नेमका तेव्हाच ट्रकवाल्याशी बोलायला वर रस्त्यावर गेलेला. जमीन हलली, खाणीची अख्खी भिंत खाली आली, आणि डबा कुणाच्या हातात पोचलाच नाही. माणसांनी खणलं, मग मोठं मशीन आणून खणलं. मग वरचा डोंगर सुटा झालाय म्हणून मशीनवाला मशीन घेऊन निघून गेला. ती सापडली नाही.

बाईने पेटी उघडली. आत कळशीएवढा लोखंडी डबा होता. तो तिने दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तसा उचलला आणि खड्ड्याच्या तळाशी बसवलेल्या सिमेंटच्या लादीवर ठेवला. असली यंत्रं तिने शाळेत, नदीपलीकडे, वरच्या खिंडीत, सगळ्या खोऱ्यात पुरली होती. वस्तीने तिचं नाव ठेवून टाकलं होतं: यंत्रवाली.

"मोठा धक्का गेला की जमीन एकदम गप्प बसत नाही," ती थोरलीला सांगू लागली. "बारीक बारीक धक्के येतच राहतात. कितीतरी तर माणसाला कळतही नाहीत. पण एकच धक्का या यंत्राला आधी लागतो, शाळेतल्याला जरा मागून, खिंडीतल्याला आणखी मागून. त्यावरून तो कुठून निघाला ते काढता येतं. असे शेकडो ठिपके मांडले की खालची भेग कशी गेलीय त्याचा आकार दिसायला लागतो. आंधळा माणूस चेहरा चाचपून ओळखतो ना, तसं."

"म्हणजे चोर पळून गेला आणि तुम्ही आता पावलं मोजताय," थोरला खाटेवरून म्हणाला.

"चोर पळालेला नाही," बाई म्हणाली. "घरातच आहे. कुठल्या खोलीत, ते बघायचंय."

थोरला मोठ्याने हसला. हसून झाल्यावर त्याने मान वळवून घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

यंत्राजवळ शेळ्या बांधायच्या नाहीत, आसपास कपडे धोपटायचे नाहीत, यंत्राला जोडलेल्या बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं की पुसून काढायचं, एवढं काम थोरलीच्या अंगावर आलं. तिला ते नकोसं नव्हतं. चूल, पाणी, नवऱ्याचं अंग पुसणं, सासूला भरवणं आणि दिराच्या वाटेकडे डोळे लावणं, यात एक मुकं काम बरंच वाटायचं. ते काही बोलत नव्हतं आणि रडत नव्हतं.

धाकटा रोज उजाडताच खाणीकडे जायचा. पहार, घण, छिन्न्या खांद्यावर. थोरल्याने आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग तोंड फिरवून घेतलं. धाकटा परत यायचा तेव्हा भुवयांपासून पायाच्या नखापर्यंत पांढरा असायचा, आणि तळहातांची सालं निघालेली. थोरली कोमट पाणी ओतायची, तो हात धरायचा. पाणी आधी पांढरं, मग लालसर वाहायचं.

आणि मग दुपारचे आवाज सुरू झाले.

पहिला आवाज आला तेव्हा थोरली कपडे वाळत घालत होती. सगळ्या शेळ्या एकदम खायच्या थांबल्या आणि खाणीच्या दिशेला तोंडं करून उभ्या राहिल्या. वारा पडलेला. मग पायाखालून, अगदी पायाखालून, ठक्. लाकडी मोगरीने कुणी फरशीला खालून हाणावं तसा. भांडी किणकिणली. ताडपत्रीच्या खोळीत साचलेलं पाणी थरथरलं. परत ठक्. मग काही नाही. शेळ्या पुन्हा चरायला लागल्या.

थोरलीने वळून पाहिलं. सासू खाटेच्या सावलीत बसली होती. तिने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले होते आणि तिचा चेहरा उजळला होता.

"जागी आहे," ती म्हणाली. "बोलावतेय मला."

थोरलीच्या हातातलं ओलं कापड खाली पडलं. सासूला ऐकू येईनासं झालं त्याला बरीच वर्षं झाली होती. घरात सगळे तिच्या कानाशी ओरडायचे. धाकट्या जावेने मात्र आपली युक्ती काढली होती. हाका मारून घसा कोरडा करण्यापेक्षा ती टाच जमिनीवर आपटायची. ठक्, ठक्. सासूच्या तळव्यांना ते कळायचं, ती वळून बघायची, आणि दोघी हसायच्या. थोरलीला कधी तसं सुचलं नव्हतं. ती ओरडायचीच.

"आई, तो धक्का आहे," थोरली तिच्या कानाशी ओरडली. "धक्का! जमिनीचा!"

"ओरडू नको," सासू म्हणाली. "तिचं ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, त्यानंतरही. कधी एकच ठोका, कधी लागोपाठ. एका दुपारी धाकटा पाणी प्यायला घरी आला होता आणि तो भांडं तोंडाला लावून उभा असतानाच खालून ठक्, ठक् आलं. त्याने भांडं खाली ठेवलं. आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. तो काही न बोलता पहार घेऊन पुन्हा निघून गेला, आणि त्याच्या चालण्यात थोरलीला असं काही दिसलं की तिने हाक मारायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. बाजारात वाट बघणाऱ्या माणसाकडे निघावं तसा तो चालला होता.

यंत्रवाली आली ती एका सकाळी, संगणक बगलेत घेऊन. रात्ररात्र जागल्याने तिचे डोळे तांबारले होते, पण ती खुशीत होती. आपल्या कामाचं काही हाती लागलं की माणूस जसा घाईने बोलतो तशी बोलत होती. थोरल्याच्या खाटेवरच तिने संगणक उघडला. सासू आली, थोरली हात पुसत आली. धाकटा निघायच्या बेतात होता, तोही खांद्यावरची पहार न उतरवता मागे येऊन उभा राहिला.

"सगळ्यांना वाटत होतं, भेग नदीखालून सरळ उभी गेलीय," ती म्हणाली. "जमिनीवरचे तडे नदीकाठी आहेत म्हणून. पण हे बघा. डोंगर सुरीने उभा कापला आणि बाजूने बघितलं तर असं दिसेल."

पडद्यावर ठिपकेच ठिपके होते. थोरलीला आधी नुसता मुंग्यांचा पसारा वाटला. मग एकदम तो आकार डोळ्यांत भरला: नदीकडून निघून तिरपं खाली, त्यांच्या डोंगराच्या पोटात गेलेलं एक भलंमोठं छप्पर. आपण सगळे त्या उतरत्या छपरावर राहतोय हे कळल्यावर तिने नकळत खाटेची कड घट्ट धरली.

"ही मोठी भेग. आणि इथून हा एक फाटा फुटलाय, तो कुणालाच माहीत नव्हता." बाईने बोट वर सरकवलं. "वर चढतोय. हे निळे ठिपके आधीचे, ते खोल आहेत. हे पिवळे गेल्या आठवड्यातले. हे लाल कालपरवाचे. बघा, कसे वर वर येतायत."

"कुठे येतायत?" धाकट्याने विचारलं. बाहेरच्या माणसाशी तो इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलला.

"साधारण तुमच्या खाणीच्या खाली."

"आणि रोज वर येतायत?"

"रोज असं नाही, पण... हो. वर येतायत खरे."

धाकटा हसला. थोरलीने ते हसू पाहिलं. ते वेड्याचं हसू असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ते चांगलं, निवांत हसू होतं; तो लग्नाआधी हसायचा तसं.

"म्हणून खाणीत कुणी जाऊ नका," बाई पुढे सांगत होती. "फाटा तिथं वर निघतोय. एखादा जरा मोठा धक्का बसला तर उरलेली भिंत—"

"झालं," थोरला उसळला. "पाय गेला, भावजय गेली, आता ठिपक्यांनी आमची खाणपण खाल्ली. अहो बाई, आमचं पोट त्या दगडावर आहे. कधी बसणार तुमचा धक्का? सांगा ना."

"ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"मग कशाला सांगायला आलात?"

बाई संगणक मिटत होती तोवर धाकटा चुलीपाशी गेला होता. "वहिनी," तो म्हणाला, "आज जेवण दोघांचं बांध."

थोरलीने बांधलं. नाही कसं म्हणायचं, तेच तिला सुचलं नाही.

त्या दिवशी तो परतलाच नाही, दुसऱ्या सकाळीही आला नाही. थोरली डबा घेऊन खाणीवर गेली. वाट जिथं होती तिथं आता दगडांचा ओघ होता. हातापायांवर उतरावं लागलं. तळाशी, अर्धवट कोसळलेल्या भिंतीच्या पोटात, एका प्रचंड पुढे आलेल्या शिळेखाली त्याने बीळ खणलं होतं. आत कांबळं अंथरलेलं. दोन ताटल्या मांडलेल्या, एक खाऊन पुसलेली, एक भरलेली आणि मुंग्यांनी काळी झालेली.

"ये वहिनी, बस," तो म्हणाला. घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. "हळू. डोक्याला लागेल."

त्याने घण उचलून समोरच्या खडकावर तीनदा ठोकला, मग थांबला. थोरलीही थांबली. आत ओल्या दगडाचा वास होता. वरून बारीक धूळ सरसरत तिच्या मानेवर पडत होती. खूप वेळ काही झालं नाही. मग खालून, लांबून, ठक्. आणि जराशाने परत, ठक्.

थोरली जमिनीच्या धक्क्यांना इतक्या दिवसांत सरावली होती. पण विचारलेल्याला उत्तर देणारी जमीन तिने कधी ऐकली नव्हती. तिचे ओठ आपोआप हलले. जावेचं नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं आणि ते तिने दातांनी अडवून धरलं.

"बघितलंस?" धाकटा कुजबुजला. "काल लांब होती. आज जवळ आलीय. ती बाई शिकलेली आहे, वहिनी. तिनेच दाखवलं ना, कशी वर येतेय ते?"

थोरली धडपडत वर चढली ती थेट शाळेत, यंत्रवालीच्या मुक्कामी गेली. यंत्रवालीने सगळं ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला.

"मी असं कसं बोलले," ती म्हणाली. "वर येतायत. असं कसं बोलले मी."

"पण तो ठोकतो तेव्हा खालून उत्तर येतं. मी स्वतः ऐकलं."

"सध्या तिथं सारखेच धक्के येतायत, ताई. तो ठोकून थांबतो, आणि थांबून राहिलं की कधी ना कधी येतोच एखादा. तो ठोकत नसतो तेव्हाही येतात. यंत्रात सगळे आहेत. फाटा वर जवळ आलाय म्हणून ते ऐकू येतात. खोलातले ऐकू येत नाहीत."

"म्हणजे ती नाही."

"नाही. इतके दिवस दगडाखाली कुणी..."

यंत्रवाली लगेच खाणीवर गेली. धाकट्याने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाई, तुमच्या यंत्राला माझ्या बायकोचा आवाज ओळखता येतो का?" बाई म्हणाली, नाही. "मग?" तो म्हणाला. त्यानंतर वस्तीतले चार गडी त्याला उचलून आणायला गेले. त्याने घण उगारला. चौघं लहानपणापासूनचे सोबती होते, ते खाली मान घालून परत आले.

थोरला खाटेवर नुसता तळमळत होता. "मला खाटेसकट घेऊन चला," तो म्हणायचा, "आणि त्याच्या समोर आपटा. बघू येतो का नाही." पण ती खाट त्या दगडांवरून कोण नेणार?

दुसऱ्या दिवशी थोरलीने चूल आवरली, नवऱ्याचं अंग पुसलं, सासूला जेवू घातलं. मग सुपात निवडायचं धान्य घेतलं आणि निघाली.

"कुठं?" थोरल्याने विचारलं.

"खाणीत."

तो उठून बसायला गेला आणि पायातल्या कळेने परत आडवा झाला. नको असं तो म्हणाला नाही. त्यासाठी ती त्याच्यावर पुढे कित्येक दिवस रागावलेली होती, आणि म्हणाला असता तर त्याहून जास्त रागावली असती.

शिळेखाली शिरून ती दिराच्या शेजारी बसली. सूप मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली.

"वहिनी, काय करतेस?"

"धान्य निवडतेय. दिसत नाही?"

"इथं?"

"घरी काम पडलंय ढीगभर आणि तुझ्याकडे येजा करण्यात दिवस जातो. म्हटलं इथंच बसून करावं. तू तुझं काम कर, मी माझं करते."

"वर जा, वहिनी. ही भिंत धड नाही."

"असू दे."

"वर जा म्हणतोय ना!"

"तू चल, मी येते."

तो ओरडला. मग हात जोडले. मग पाठ फिरवून बसला. ती खडे वेचत राहिली, पण बोटांना खडा आणि दाणा यातला फरक कळत नव्हता. ती दाणेही फेकत होती. वरची शिळा तिला दिसत नव्हती, पण तिचं वजन डोक्याच्या कातडीला जाणवत होतं. एकदा खालून ठक् झालं, सुपातलं धान्य उडालं आणि एक मूठभर भुगा तिच्या केसांत पडला. तिने सूप झटकलं आणि पुन्हा मांडीवर घेतलं. गुडघे इतके कापत होते की सूप आपोआपच पाखडलं जात होतं.

धाकट्याने ते पाहिलं.

"तुला काही झालं तर दादाला काय तोंड दाखवू मी?" तो म्हणाला.

"त्याची काळजी करू नको. तोंड दाखवायला तूही राहणार नाहीस."

ऊन कलायला लागलं तेव्हा तो उठला. तिच्या मांडीवरचं सूप हिसकावून घेतलं, तिच्या दंडाला धरून तिला ओढत बाहेर काढलं, आणि दगडांवरून वर चढताना सगळी वाट तिला शिव्या देत राहिला. त्या शिव्या त्याने आयुष्यात कधी तिच्यासमोर उच्चारल्या नव्हत्या. वर आल्यावर रस्त्याच्या कडेला ओणवी होऊन थोरली ओकली.

त्यानंतर काहीच झालं नाही. तोच काळ सगळ्यात वाईट होता.

भिंत पडली नाही. मोठा धक्का आला नाही. ऊन पडत होतं, शेळ्या चरत होत्या, आणि दुपारी पायाखालून ठक् येत होतं. आता ते इतकं जवळ आलं होतं की थोरल्याच्या खाटेचे पायही वाजायचे. धाकटा अंगणात गुडघ्यांत डोकं घालून बसायचा आणि प्रत्येक ठोक्याला डोकं वर करून थोरलीकडे बघायचा. सासू थोरलीच्या हातचं खाईनाशी झाली. "ती बोलावतेय आणि तू त्याला ओढून आणलंस," ती म्हणाली. "तुला तिचं कौतुक कधी नव्हतंच."

थोरलीला त्यावर तोडीस तोड उत्तर देता आलं असतं. पण तिच्याच मनात किडा शिरला होता. बॅटरी पुसायला ती यंत्रापाशी वाकायची तेव्हा तिचा हात जमिनीवर रेंगाळायचा. यंत्रवाली खरं बोलत असेल. पण चुकत असेल तर? जाऊ खरंच खाली असेल, इतकी वर आली असेल, आणि आपण तिच्या नवऱ्याला तिच्या डोक्यावरून उठवून आणलं असेल तर? एका दुपारी आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने टाच जमिनीवर आपटली. दोनदा. मग श्वास धरून उभी राहिली. उत्तर आलं नाही. आलं नाही म्हणून तिला रडू फुटलं, आणि आलं असतं तर काय केलं असतं हे तिला अजूनही सांगता येत नाही.

धक्का बसला तो भर सकाळी, दूध काढताना. आधी खोलातून ट्रक आल्यासारखी घरघर, मग अंगणच एका बाजूला सरकलं. शेळी थोरलीच्या अंगावर पडली. घराची तडकलेली मागची भिंत एक मोठा सुस्कारा टाकून बाहेरच्या बाजूला झोपली. सासू जमिनीला चारी बाजूंनी धरून ठेवावं तशी पालथी पडली होती. मग सगळं थांबलं आणि खाणीच्या दिशेने एक पिवळा ढग हळूहळू वर चढला. तो खाली बसायला दुपार झाली.

खाण उरली नव्हती. उरलेली भिंत कोसळून, आधीचा राडारोडा पुढे ढकलून, सगळा उतारच घसरून नदीकडे गेला होता. धाकट्याचं बीळ कुठं होतं ते दाखवायला बोट करावं अशी जागाही नव्हती. तो काठावर उभा राहून बघत होता आणि त्याचे दात वाजत होते.

जाऊ खाली नव्हतीच. वरचा उतार घसरल्यावर ती मोकळी झाली होती. खाणीच्या तोंडाशी, गाडीवाटेला लागून, ते सगळे इतके दिवस जिथून चढउतर करत होते त्याच्या दहापंधरा पावलांवर. डोक्यावर एकच दगड बसला होता. थोरलीने आणि वस्तीतल्या बायकांनी तिला शालीत घेतलं. "लगेच गेलीय," त्यातली सुईण म्हणाली. "हिला कळलंही नसेल." डब्याचं फडकं अजून मनगटाला गुंडाळलेलं होतं.

ती खाणीत उतरलीच नव्हती. ठोकायला तिला वेळच मिळाला नव्हता.

तिला मातीत ठेवून आल्यावर धाकटा थोरलीपाशी येऊन बसला. म्हणाला, "मग वाजवत कोण होतं, वहिनी?"

"जमीन."

"मी विचारायचो तेव्हा उत्तर द्यायची."

थोरलीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिनेही टाच आपटली होती.

त्या दिवसापासून ठोके बंद झाले. सासू सकाळ-संध्याकाळ तळवे टेकून बघायची आणि रिकामे हात मांडीवर परत घ्यायची. मग एक दिवस तिने थोरलीच्या हातचं दूध घेतलं. थोरली कानाशी ओरडायला वाकली तेव्हा तिने तिचं तोंड हाताने बाजूला केलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. थोरलीने जरा थांबून टाच आपटली. सासूने मान वर केली.

यंत्रवाली आली तेव्हा तिच्याकडे नवे ठिपके होते. खाणीखालचा फाटा शांत झाला होता. पण मोठ्या भेगेच्या दुसऱ्या टोकाला, खिंडीपलीकडच्या वस्तीखाली, ठिपक्यांची नवी गर्दी सुरू झाली होती. तिथं यंत्र नव्हतं. इथलं काढून तिकडे न्यायला हवं होतं. या वेळी ती फार मोजून बोलत होती. प्रत्येक शब्द आधी तोंडात फिरवून बघत होती.

"तिथंही वर येतायत का?" धाकट्याने विचारलं.

तिने थोरलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिथं उथळ धक्के वाढलेत."

धाकटा उठला, कुदळ घेऊन खड्ड्याकडे गेला आणि यंत्र स्वतः काढलं. पेटी त्याने पाठीला बांधली. जीप खिंडीपर्यंतच जात होती, पुढची वाट दरडीने बुजली होती. "तूही जा," थोरला बायकोला म्हणाला. "बॅटरी घे. आणि त्याला एकटं सोडू नको. माझं मी बघतो, आई आहे." थोरली बॅटरी डोक्यावर घेऊन निघाली.

खिंड उतरून ते पलीकडच्या वस्तीत शिरले तेव्हा दुपार होती. कुत्री भुंकली नाहीत. घरं इकडच्यापेक्षा बरी होती. तडे होते, पण पुष्कळशी उभी होती, आणि माणसं आतच राहत होती. पहिल्याच घराचं दार सताड उघडं होतं. भिंती एका अंगाला कललेल्या, छपराची एक तुळई खांबावरून निसटून बोटभर टेकूवर राहिलेली. आत फरशीवर एक म्हातारा पालथा पडला होता, कान जमिनीला लावून.

"आजोबा," यंत्रवाली उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आम्ही—"

म्हाताऱ्याने हात वर केला. "हळू बोला," तो म्हणाला. "पोरगा बोलावतोय."

शेजारच्या बाईने थोरलीच्या कानाशी लागून सांगितलं, मोठ्या धक्क्याच्या दिवशी त्याचा मुलगा विहिरीचा गाळ काढायला उतरला होता. विहीर आत बसली. म्हातारा आता घराबाहेर पडत नाही. सून माहेरी गेली. कुणाचं ऐकत नाही.

थोरलीने दिराकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर सगळं आलं होतं. खाली कुणी नाही म्हाताऱ्या, ती जमीन आहे, मला विचार. ते ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलं. यंत्रवालीही त्याच्याकडेच बघत होती आणि तिचे हात पदर सापडत नसल्यासारखे हवेत घुटमळत होते.

धाकट्याने पाठीवरची पेटी उतरवून सावलीत ठेवली. चपला काढल्या. आत गेला, म्हाताऱ्याशेजारी पालथा पडला आणि कान फरशीला लावला.

दोघं तसेच पडून राहिले. मग बाहेर उभ्या थोरलीच्या तळव्यांना कळलं, ठक्. तुळईवरून मातीची एक बारीक धार सुटली आणि दिराच्या पाठीवर पडत राहिली.

"ऐकलंस?" म्हातारा म्हणाला.

"ऐकलं."

"माझाच आहे ना?"

धाकट्याने वर तुळईकडे पाहिलं.

"बाबा, इथं छप्पर आवाज खातंय," तो म्हणाला. "बाहेर मोकळ्यावर नीट येतो. मी तसंच ऐकायचो. चला, धरतो मी तुम्हाला."

म्हाताऱ्याने मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या केसांतल्या पांढऱ्या धुळीकडे, सालं निघालेल्या तळहातांकडे पाहिलं. मग आपला हात पुढे केला.

ते दोघं एकमेकांना धरून उठत होते, सावकाश, म्हाताऱ्याचे गुडघे कुरकुरत होते. थोरलीने पुढे होऊन दार हाताने रेटून धरलं, कारण चौकट आणखी कलली होती आणि वारा नसताना ते आपोआप मिटायला लागलं होतं.